४५ सीसी चेनसॉ आहे, जोडीला मोठं कोणतं घ्यावं? (चिंच, आंबा, वाळका अंजन)

बांधावरची_बाभूळ
राम राम मंडळी. सध्या हाताशी स्टिल एमएस २५० आहे. ४५.४ सीसी, १८ इंची पट्टी (चेन जिच्यावर फिरते ती), .३२५ पिचची, म्हणजे इंचातल्या त्या मापाच्या कड्यांची चेन. बाभूळ, निंब, सुबाभळीचं सरपण, बांधावरच्या फांद्या, एवढ्याला ते कुठे अडत नाही. ते विकायचं नाही.

आता काम जाड आलंय. वादळात आडव्या झालेल्या दोन चिंचा आणि एक आंबा, अमळनेर तालुक्यात. छातीच्या उंचीवर येणारा घेर टेपने मोजलाय: मोठी चिंच ८ फूट, लहान चिंच साडेसहा, आंबा ७. त्यानंतर चोपड्याकडे मालकीच्या शेतातले अंजनाचे वाळके बुंधे, घेर ४ फुटांपर्यंत. एवढं जाड काम वर्षाला १५ ते २० दिवस.

डोळ्यांसमोर चार पर्याय आहेत. बाजारात मिळतं ते ५८ सीसी, २२ इंची पट्टीचं स्वस्त मशीन. एमएस ३६१, म्हणजे ५९ सीसी. एमएस ३८२ नाहीतर हस्कवर्ना ३६५, दोन्ही सत्तरच्या आसपास. आणि चौथा, एकदाच काय ते ९० सीसी. दुकानदार चौथ्यावर जोर देतोय. काय करावं?

टूस्ट्रोक_मिस्त्री
घेर सांगितलात ते बरं केलं. बहुतेक लोक "लई मोठं झाड आहे" एवढंच लिहितात.

घेर भागिले ३.१४. मोठी चिंच ९६ इंच घेर, म्हणजे साडेतीस इंच जाड. लहान चिंच पावणेपंचवीस, आंबा पावणेसत्तावीस, अंजन सव्वापंधरा. पट्टी झाडाइतकी लांब लागते हा पहिला गैरसमज. २० इंची पट्टी दोन्ही बाजूंनी घातली की ३६-३७ इंचांपर्यंतचं खोड आरामात निघतं. तुमचं सगळं काम त्यात बसतं.

आता ताकद बघा, सीसी नंतर. एमएस २५० ची २.३ किलोवॅट. ३६१ ची ३.४. ३८२ (७२.२ सीसी) ची ३.९. हस्कवर्ना ३६५ (७०.७ सीसी) ची ३.६. ९१ सीसीच्या एमएस ६६१ ची ५.४. वजन बिनपट्टीचं, बिनपेट्रोलचं: २५० चं ४.६ किलो, ३६१ चं ५.६, ३८२ चं ६.२, ६६१ चं ७.४. पट्टी, चेन, तेल, पेट्रोल भरलं की ३८२ साडेआठ किलोच्या घरात जातं.

माझं मत: ३८२ किंवा ३६५, २० इंची पट्टी. ९० सीसीला २५ इंचांच्या खाली पट्टी लावण्यात अर्थ नाही. २५ ची पट्टी, नऊ-दहा किलोंचं मशीन आणि बैसाखातलं ऊन. दुपारपर्यंत माणूसच बंद पडतो, मशीन नाही.

सातपुडा_पायथा
मिस्त्रीभाऊ, वर्षाला १५ दिवसांसाठी एवढा पैसा घालायचा काय? ५८ सीसीवालं त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात येतं. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात तेच जास्त दिसतं. बिघडलं तर अख्खं ब्लॉक-पिस्टन बदला, तरी स्वस्त.

वखारवाला
स्वस्त पडतं हे खरं. पण या धाग्यात प्रश्न "जोडीला" काय हा आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ५८ सीसी चालेल. ज्याच्याकडे चांगलं ४५ आहे त्याला त्याने नवीन काय मिळतं ते बघा.

एक. स्टिकरवर ५८ लिहिलं म्हणून आत ५८ असेलच असं नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), सगळं मिलिमीटरमध्ये, मग भागिले १०००. बोअर ४५.२ आणि स्ट्रोक ३४ निघाला तर उत्तर साडेचोपन्न. माहितीपत्रकात बोअर-स्ट्रोक छापलेला नसेल तर विचारा. सांगता येत नसेल तर तिथंच समजा.

दोन. ताकद साधारण २५० च्याच आसपास किंवा किंचित वर. त्यावर २२ इंची पट्टी लावून देतात, कारण गिऱ्हाइकाला पट्टी दिसते, किलोवॅट दिसत नाही. ओल्या निंबात पट्टी पूर्ण बुडवली की चेन थांबते, माणूस जोर देतो, क्लच घसरतो. क्लच ड्रम निळा पडलेला असतो ना, तो याच कारणाने. तापलेला ड्रम शेजारच्या तेलपंपाचा प्लॅस्टिक गिअर वितळवतो, मग पट्टीला तेल जात नाही. एकातून एक.

तीन. चेन तीच .३२५. म्हणजे दोन मशीन, एकच कुवत.

गिरणाकाठ
५८ आणि ५९ एकाच पारड्यात घालू नका एवढंच सांगतो. एमएस ३६१ मध्ये मॅग्नेशियमचा क्रँककेस, ३.४ किलोवॅट, .३२५ पेक्षा मोठ्या दाताची ३/८ पिचची चेन. स्वस्तातल्या ५८ मध्ये यातलं एकही बरोबरीचं नाही. आकड्यात फरक एकाचा, मशीनमध्ये जमीन-अस्मानाचा.

आणि माझं मत ३६१ कडेच झुकतं. २५० च्या दीडपट ताकद, ३८२ पेक्षा सहाशे ग्रॅम हलकं. फांद्यांवरही चालवता येतं. २५० बंद पडलं तर हे एकटं सगळं ओढून नेईल.

टूस्ट्रोक_मिस्त्री
> २५० बंद पडलं तर हे एकटं सगळं ओढून नेईल

गिरणाकाठ, इथंच आपलं जमत नाही. एकच मशीन ठेवायचं असेल तर ३६१ ला तोड नाही, मान्य. पण फांद्यांसाठी २५० आहेच. मग मोठ्याने फक्त बुंधा बघायचा. ३६१ ला २० इंची पट्टी ओल्या चिंचेत पूर्ण बुडली की तुम्ही वरच्या टोकाला काम करताय, राखीव काही उरत नाही. ३८२ ला तीच पट्टी मधल्या पट्ट्यात चालते. वर्षाला १५ दिवस हे कमी वाटतं, पण ते १५ दिवस सलग आणि मे महिन्यातले असतात.

दोन मशीनमध्ये किमान दीडपट ताकदीचं अंतर ठेवा, असा माझा ठोकताळा. ३६१ त्या रेषेवर काठावर बसतं, ३८२ पलीकडे जातं.

कानस_५२
मशीन घ्यायच्या आधी एक गोष्ट करा. आत्ता जी चेन २५० वर आहे तिचा भुसा हातात घ्या. तांदळाच्या कण्यांएवढे, चपटे, बोटांत टोचणारे तुकडे असतील तर चेन धारदार. पिठासारखं बारीक, खोबऱ्याच्या भुकटीसारखं पडत असेल तर मशीन कितीही मोठं आणा, तेच पीठ पडणार, फक्त जोरात. निम्म्या लोकांना मोठं मशीन नको असतं, कानस हवी असते.

दोन मशीन झाली की दोन कानशी लागतात, इथेच घोळ होतो.

.३२५ ला गोल कानस ४.८ मिलिमीटर.
३/८ ला ५.२ मिलिमीटर (काही कंपन्यांच्या चेनला ५.५ सांगतात, चेनच्या डब्यावर असतं).
छोट्या, वर मूठ असलेल्या टॉप-हँडल मशीनच्या बारीक पिको चेनला ४.०.

लहान कानस मोठ्या दाताला घातली तर ती खाली बसते, दाताला आकड्यासारखा बाक येतो. पहिले दहा कट झक्कास, मग धार एकदम जाते. मोठी कानस लहान दाताला घातली तर दाताचं नाक मागे झुकतं, चेन लाकडावरून घसरते. म्हणून मुठीला रंग द्या. ४.८ ला पिवळा, ५.२ ला लाल, काहीही.

धार लावताना कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. आतून बाहेर ढकलायची, मागे ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच झटके, दोन नाहीतर तीन. आधी सगळ्यांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. नाहीतर चेन एका बाजूला ओढते आणि कट केळीच्या फळासारखा वाकडा जातो. लोक पट्टीला दोष देतात.

कोन ३० अंश छापलेला असतो. ओल्या निंब-बाभळीला ठीक. वाळक्या अंजनाला २५ ठेवा. कापायला किंचित हळू, पण धार दुप्पट टिकते. अंजन म्हणजे दगडच. तिथे पाच मिनिटांत धार मारली जाते, ती मशीनची चूक नाही.

दाताच्या पुढचा जो बुटका खुंट असतो, डेप्थ गेज, तो दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. .३२५ आणि ३/८ दोन्हीला हेच. चार-पाच वेळा गोल कानस मारली की एकदा मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीने खुंट उतरवायचा आणि त्याची पुढची कड गोल करायची. अंदाजाने जास्त उतरवला की चेन लाकडाला झोंबते, मशीन हिसके देतं, पट्टीचं टोक उसळण्याचा धोका वाढतो. कठीण लाकडाला तर अजिबात जास्त उतरवू नका.

आणि कानशीला आधी शाळेतला खडू घासा. लोखंडाचा चुरा खाचांत बसत नाही, कानस सरकत नाही. तेलकट कानस म्हणजे मेलेली कानस.

सातपुडा_पायथा
धार नही ते काहीच नही, हाई खरं से भो.

तापीथडी
चेन फुल चिझल घ्यायची की सेमी? दुकानात फुल चिझल "फास्ट" म्हणून गळ्यात मारतात.

कानस_५२
सेमी चिझल, डोळे झाकून. फुल चिझलच्या दाताचा कोपरा टोकदार असतो, स्वच्छ ओल्या लाकडात तो पळतो. आपल्याकडे बांधावरच्या झाडाच्या सालीत काळ्या मातीची धूळ ठासून बसलेली असते. कोपरा एकदा गेला की सगळा दात गेला. सेमीचा कोपरा गोलसर, धुळीत आणि वाळक्यात टिकतो. कापायच्या जागेची साल आधी कुऱ्हाडीने तासून काढली तर अजून बरं. दोन मिनिटांचं काम, अर्ध्या तासाची धार वाचते.

वखारवाला
त्याला जोडून, खिळे. रस्त्याकडेच्या आणि देवळाजवळच्या चिंचेत खिळे, यू-नेल, तारेचे तुकडे, जाहिरातीच्या पत्र्याचे स्क्रू हमखास. बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते, बाहेरून काही दिसत नाही.

ओळखायचं कसं: चिंच, बाभूळ यांच्या लाकडात टॅनिन असतं. लोखंड लागलं की ते निळसर-काळं पडतं. कट चालू असताना भुसा बघत राहा. पिवळसर-तांबडा भुसा मधेच शाई सांडल्यासारखा काळपट यायला लागला की मशीन बाहेर काढा. खिळा तिथून चार बोटांवर आहे. दुसरीकडे कट घ्या. ओंडक्याच्या तोंडावर काळी वर्तुळाकार डागळी दिसली तरी तेच.

खिळ्याला लागलेली चेन "थोडी घासून" चालत नाही. ज्या बाजूचे दात लागले ते सगळे चकाकी जाईपर्यंत मागे घ्यावे लागतात. माथ्यावरची खूण, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर दात उरेपर्यंतच चेन वापरायची. म्हणून मोठ्या मशीनसोबत दोन चेन घ्या, एक नाही.

बांधावरची_बाभूळ
भुसा बघितला. अर्धा पीठच आहे. लाज वाटण्यासारखं. तरीही ८ फुटी चिंच २५० ने होणार नाही हे धरून चालतो.

पट्टीबद्दल: २५० ची जुनी १८ इंची पट्टी मोठ्या मशीनला बसेल का? किंवा मोठ्याची २५० ला?

टूस्ट्रोक_मिस्त्री
नाही. मागचा खाचा, बोल्टची जाडी, तेलाच्या भोकाची जागा, सगळं वेगळं. जबरदस्तीने बसवली तर तेलाचं भोक जुळत नाही आणि पट्टी अर्ध्या तासात निळी पडते.

चेन घेताना इंच सांगू नका, कड्या मोजून सांगा. पट्टीच्या खोबणीत जाणाऱ्या खालच्या कड्या, ड्राइव्ह लिंक. एकच १८ इंच, .३२५, तरी २५० वर ६८ कड्या आणि दुसऱ्या घडणीच्या मशीनवर ७४. ३/८ च्या २० इंची पट्टीला बहुतेक ७२. दुसरं माप जाडीचं: स्टिलच्या ३/८ ला साधारण १.६ मिलिमीटर, हस्कवर्नाला १.५. १.५ ची चेन १.६ च्या खोबणीत बसते, फिरतेही, पण आतून डगमगते, कट तिरका जातो आणि खोबणीच्या कडा रुंदावतात. उलटं केलं तर आत जातच नाही, ते बरं. तिसरं पिच: सलग तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. ९.३ च्या आसपास आलं तर ३/८, ८.२५ आलं तर .३२५.

हे तीन आकडे, कड्या, जाडी, पिच, पट्टीच्या मुळाशी ठोकलेले असतात. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मोठ्या मशीनला चेन फिरवणारं दातेरी चाक रिम स्प्रॉकेट प्रकारचं असतं, बाहेरचं कडं तेवढं बदलता येतं. दर दोन चेनमागे एक कडं. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या की नवी चेनसुद्धा त्याच्यावर लवकर ताणली जाते.

पांझरा
मधेच कायद्याचं बोलतो, रागावू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत चिंच, आंबा आणि अंजन तिन्ही आहेत. साग, मोह, खैर, जांभूळ, ऐन, हळदू, तिवस हेही. बाभूळ, निंब, सुबाभूळ, निलगिरी त्या यादीत नाहीत. झाड मालकीचं असलं तरी अनुसूचीतलं असेल तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वाऱ्याने पडलं असलं तरी आधी अर्ज, फोटो, तलाठ्याकडून सातबारा, मग मशीन. माल गाडीत घालून हलवायचा तर वाहतुकीचा पास हा वेगळा विषय. वनखात्याच्या नाक्यावर ट्रॅक्टर अडकला की चेनसॉही त्याच्यासोबत अडकतो.

अमळनेर शहराच्या हद्दीत झाड असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रांचा वेगळा कायदा.

बांधावरची_बाभूळ
अर्ज आधीच दिलाय. पण सांगितलंत हे चांगलं, बाकीच्यांना उपयोगी पडेल.

तेलाचं विचारतो. २५० ला पेट्रोलमध्ये बुचाने टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) टाकतो. दोन्ही मशीनला एकच डबा चालेल ना?

टूस्ट्रोक_मिस्त्री
बुचाने टाकणं बंद. मोजमापाचा प्लॅस्टिक जार घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो.

कंपनीचं चेनसॉसाठीचं तेल असेल तर १:५०. एक लिटरला २० मिली, पाच लिटरला १००. साधं मोटारसायकलवालं टू-टी असेल तर स्टिलचं मॅन्युअल १:२५ सांगतं, म्हणजे लिटरला ४० मिली. दोन्ही मशीनला एकच डबा चालतो आणि चालायलाच हवा. दोन डबे ठेवले की एक दिवस चुकीचा डबा उचलला जातो.

"जास्त तेल टाकलं की मशीन सुरक्षित" हेही अर्धवट. जास्त तेल म्हणजे तेवढ्याच मापात पेट्रोल कमी. वर सायलेन्सरमध्ये कार्बन बसतो, एक्झॉस्टचं भोक आवळतं, मशीन तापतं.

तापीथडी
आणि इथेनॉल? पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं.

टूस्ट्रोक_मिस्त्री
तोच खरा त्रास. बऱ्याच चेनसॉच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल सांगितलंय. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरमधून इंधन तेवढंच, हवा तेवढीच, म्हणजे हवा जास्त झाली, मिश्रण लीन. लीन म्हणजे तापणं, तापणं म्हणजे पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे, आणि मग इंजिन बसतं.

कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवतो तो) मॅन्युअलच्या बैठकीपासून थोडा, अष्टमांश वळसा, डावीकडे सोडायचा. फुल थ्रॉटलला हवेत मशीन किंचित अडखळल्यासारखं, गुरगुरल्यासारखं वाजलं पाहिजे आणि लाकडात घातलं की तो आवाज स्वच्छ व्हायला हवा. हवेतही शिट्टीसारखं कडक वाजत असेल तर लीन आहे, बंद करा.

गिरणाकाठ
थोडी भर घालतो. मे महिन्यात ४४-४५ अंशांत हवा विरळ असते, म्हणून मिश्रण उलट रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात नीट लावलेला स्क्रू डिसेंबरच्या सकाळी लीन पडतो. वर्षातून एकदा लावून विसरलं असं चालत नाही. थंडीत परत ऐका.

सातपुडा_पायथा
पेट्रोलमधे पाणी टाकीसन हालवो, इथेनॉल खाले बसी जातं, वरलं पेट्रोल काढी ल्या. बराच जन असंच करतस.

टूस्ट्रोक_मिस्त्री
करू नका भो. त्या पेट्रोलचं ऑक्टेन बरंचसं इथेनॉलमुळेच आलेलं असतं. ते धुतलं की खालच्या दर्जाचं पेट्रोल उरतं, भार पडला की ठोके देतं. वर त्यात पाण्याचा अंश राहतो आणि कॅनमध्ये उरलेलं इथेनॉलचं पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न.

साधा उपाय: महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी ठेवली तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, तळाला पाणी वेगळं होतं. पुढच्या वेळी पहिला घोट तोच जातो आणि त्यात तेल नसतं. वर्षातून एकदा पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम बघा. डायफ्रॅम कडक, सुरकुतलेला दिसला तर बदला, किट फार महाग नाही.

तापीथडी
चेनच्या तेलाला जळकं इंजिन ऑइल चालतं का? गॅरेजमध्ये फुकट मिळतं.

वखारवाला
त्यात लोखंडाचा चुरा असतो. पंप, पट्टी, चेन तिघांना घासतं. आणि ते अंगावर, श्वासात उडतं ते वेगळंच. चेन ऑइल नाही मिळालं तर नवं २०डब्ल्यू-४० टाका. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकी जवळजवळ संपली पाहिजे. तेल उरत असेल तर भोक बुजलंय. पट्टी काढा, खोबणीतला भुसा जुन्या हॅकसॉ ब्लेडने काढा, भोकात काडी घाला. ३८२ ला तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, अंजनाला पूर्ण उघडा. चालू मशीनचं टोक कोरड्या सालीवर धरलं तर दहा सेकंदांत तेलाची रेघ उमटायला हवी.

पट्टी प्रत्येक धार लावताना उलटी करा. खालची कड जास्त झिजते.

बांधावरची_बाभूळ
ठरतंय ते असं: ३८२, २० इंची पट्टी, ३/८ सेमी चिझल दोन चेन, ५.२ च्या सहा कानशी, मापाची पट्टी. आता ८ फुटी चिंच आडवी पडलेली आहे, मुळासकट उपटून. कुठून सुरू करू?

वखारवाला
मुळासकट असेल तर घाई नको. मुळांचा गोळा मातीसह कित्येक क्विंटलचा. बुंध्याचं वजन सुटलं की तो परत खड्ड्यात उभा राहू शकतो, क्षणात. खड्ड्यात, गोळ्यामागे कोणी उभं राहायचं नाही, पोरंसोरं तर नाहीच. गोळ्याला मागून दोरखंड किंवा ट्रॅक्टर लावा, आणि पहिला आडवा कट मुळापासून निदान पाच-सहा फूट सोडून.

क्रम: आधी २५० ने सगळ्या फांद्या, शेंड्याकडून. ज्या फांद्यांवर बुंधा टेकलाय त्या शेवटी. मग बुंध्याचा भार कुठे आहे ते बघा. दोन्ही टोकं टेकलेली, मधे पोकळ असेल तर वरची बाजू दाबाखाली, खालची ताणाखाली. आधी वरून एक तृतीयांश, मग उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं, दुसरं हवेत असेल तर नेमकं उलटं: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. याचा विसर पडला की पट्टी आवळते.

३० इंचांचा बुंधा जमिनीवर सपाट पडला असेल तर: पुढची लोखंडी नखं खोडाला रोवा, एका बाजूने पट्टी पूर्ण बुडवा, फिरून दुसऱ्या बाजूने तीच रेघ गाठा. पट्टी खोडात गेली की वर प्लॅस्टिकची नाहीतर बाभळीची पाचर ठोका. लोखंडी पाचर नको, चेन लागली की धुरळा. जमिनीपासून चार बोटं राहिली की थांबा. तसेच दोन-तीन ओंडके अर्धवट कापून ठेवा, मग पहारीने लोळवून वरून पूर्ण करा. मातीला एक सेकंद चेन लागली की कानस_५२ चा सगळा उपदेश वाया.

मोठं मशीन अडकलंच तर ते ओढत बसू नका. पट्टीचे नट सोडून इंजिन बाजूला घ्या आणि २५० ने शेजारी हातभर अंतरावर कट घेऊन पट्टी मोकळी करा. जोडीचं मशीन ठेवायचं खरं कारण हे.

गिरणाकाठ
पट्टीच्या नाकाचा वरचा पाव भाग कशालाही लावू नका, मोठ्या मशीनचा उसळा मनगटाला थोपवत नाही. चेन ब्रेक रोज सकाळी तपासा: थ्रॉटल देऊन मनगटाने पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. मांडीला संरक्षक पँट, उकडलं तरी. ४५ अंशांत कोणी घालत नाही हे माहीत आहे. सकाळी सहा ते दहा आणि चार नंतर काम ठेवलं तर घालता येते.

तापीथडी
आंब्याच्या फळ्या पाडता येतील का ३८२ ने?

टूस्ट्रोक_मिस्त्री
पाडता येतील, १८ इंच रुंदीपर्यंत, सोबत मिलची चौकट (फळीची जाडी सारखी ठेवणारी, पट्टीला बसते ती) लावून. पण ते उभं कापणं, सगळा वेळ फुल थ्रॉटल. दाताचा कोन १० अंश करावा लागतो, म्हणून त्यासाठी वेगळी चेन. प्रत्येक फळीनंतर मिनिटभर नुसतं आयडलवर चालवून मग बंद. गरमागरम एकदम बंद केलं की आतली उष्णता बाहेर निघत नाही. रुंद फळ्या रोज पाडायच्या असतील तरच ९० सीसीचा विचार. आणि धंदा म्हणून करायचं तर आरा मशीनच्या परवान्याचं वनखात्यात आधी विचारा.

बांधावरची_बाभूळ
सोमवारी जळगावला जाऊन घेतो. दुकानातून निघण्याआधी काही बघायचं?

टूस्ट्रोक_मिस्त्री
वॉरंटी कार्डावर शिक्का आणि इंजिन नंबर जुळतो का ते. पुलर दोरीच्या शेजारचं डिकॉम्प्रेशन बटण दाबून दोनदा सुरू करून दाखवायला सांगा. ते न दाबता ओढलं की ७० सीसीची दोरी बोटं खेचते. ब्लॉक-पिस्टन, फिल्टर, डायफ्रॅम किट अस्सल त्याच दुकानात मिळतं का, आणि मिस्त्री दुकानातच बसतो का, हेही विचारा. नाहीतर मशीन सर्व्हिसला महिनाभर बाहेर.

पहिल्या तीन टाक्या हवेत फुल थ्रॉटल नको, लाकडातच. एअर फिल्टर आणि सिलिंडरच्या पात्यांमधला तेलकट भुसा दर टाकीला साफ करा. आपल्या धुळीत ही पाती बुजली की मे महिन्यात मशीन हमखास तापतं.

कानस_५२
नवी चेन पहिल्या तासात दोन-तीनदा ताणावी लागते. थंड असताना ताण: खालच्या बाजूने चेन पट्टीला चिकटलेली, पण हातमोजा घालून ओढली तर फिरली पाहिजे. काम चालू असताना गरम होऊन ढिली पडते आणि तुम्ही ताणता. संध्याकाळी काम संपलं की लगेच परत ढिली करा. तशीच ठेवली तर रात्री थंड होऊन आवळते, सकाळी पट्टीचं नाक आणि क्रँकच्या बेअरिंगवर सगळा ताण बसलेला असतो. नट सैल, स्क्रू अर्धा वळसा मागे, मग मशीन पेटीत.